भाऊचं घर आणि पुण्यातला गुडघा

भाऊ तुरुंगात होता तेव्हा आमच्या अख्ख्या मंडळाने त्याला पुण्याहून वस्तू आणायला सांगितल्या होत्या. मी स्वतः मेतकूट सांगितलं होतं.

नावं कुणाचीच घालायची नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून तिला ताई म्हणते आणि त्याला भाऊ. तसंही इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना तेच म्हणतात. ताई माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात नोकरीला होतो, ती लॅबमध्ये आणि मी वॉर्डात. ती माझ्याहून मोठी, पण आमचं पहिल्यापासून अगं-तूगं. भाऊ तिचा धाकटा भाऊ, साठीला टेकलेला, बायको गेल्यापासून एकटा. आधी बस चालवायचा, मग गुडघे कुरकुरायला लागले तसा एका वेअरहाउसमध्ये पार्टटाइम जायला लागला. तेवढ्या पगारात भागायचं नाही, म्हणून सरकारचं युनिव्हर्सल क्रेडिट मिळायचं. त्यातला भाड्याचा भाग त्याच्या हातात यायचाच नाही, थेट त्याच्या फ्लॅटच्या घरमालक संस्थेकडे जायचा. भाऊला ते बरं वाटायचं, कारण हातात आलेला पैसा त्याच्याकडून खाण्यावर जातो हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

तो तुरुंगात कशाने गेला ते आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणारा भलतंच काहीतरी मनात आणेल. आंब्याने गेला.

भाऊला गाडी जोरात हाकायची खोड. बसवर असताना गरीब गाय, पण स्वतःच्या गाडीत बसला की अंगात यायचं. लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स साठत गेले आणि शेवटी गाडी चालवायला बंदी आली. बंदी असताना एकदा पकडला गेला, दंड भरला. दुसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा मॅजिस्ट्रेटबाईंनी बजावलं की पुन्हा दिसलात तर आत. त्यानंतर तो शहाण्यासारखा बसने फिरत होता. पण मे महिन्यात लेस्टरच्या भारतीय दुकानातून फोन आला की हापूसच्या पेट्या आल्यात. मंडळाच्या पेट्या दरवर्षी भाऊच आणायचा. यंदा दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं ताईने त्याला दहादा सांगितलं. तो म्हणाला, लोक वरचा थर बघतात आणि पेटी उचलतात, खालचा थर उघडून बघायला लागतो, ते कुणाला जमत नाही. गेला. सगळ्या पेट्यांचे खालचे थर उघडून बघितले, पेट्या गाडीत घातल्या, आणि परतताना पोलिसांनी थांबवला.

पेट्या मात्र घरोघर पोचल्या. ताईच्या मुलाने जाऊन गाडीतून काढून आणल्या. आंबे उत्तम होते, खोटं कशाला बोलू.

पुढे कोर्टात पाच महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले साधारण निम्मे आत काढायचे आणि उरलेले बाहेर, देखरेखीखाली. मी तेव्हा लीड्सला मुलीच्या बाळंतपणात अडकले होते. ताईला फोन केला की ती म्हणायची, भाऊ पुण्याला गेलाय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुडघा खरंच कुरकुरत होता, आणि इथल्या वेटिंग लिस्टला कंटाळून लोक पुण्याला जातातच. उलट मीच म्हटलं, बरं झालं, येताना मेतकूट आण म्हणावं, घरगुती मिळतं ना त्यातलं.

आता आपल्या लोकांचं एक आहे. कुणी पुण्याला गेलंय कळलं की त्याची बॅग आपल्या बापाची. श्रावण तोंडावर आला होता. कुणाला फुलवाती हव्या होत्या, कुणाला जानव्यांचे जोड, कुणाला शिकेकाई. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना पुरणयंत्राची बारीक जाळी हवी होती, कारण इथली त्यांची जाळी जावयाने पास्ता गाळायला वापरून वाकडी केली होती. एका काकांनी तर चष्म्याचा नंबर पाठवला, तिकडे फ्रेम स्वस्त पडते म्हणून. हे सगळं ताईकडे यायचं, आणि ताई बिचारी सगळ्यांना हो म्हणायची. नाही म्हटलं तर लोकांना संशय येईल अशी तिची समजूत. पुढेपुढे तर ती गुपचूप लेस्टरला जाऊन एकेक वस्तू गोळा करायला लागली होती. फुलवाती मिळाल्या, जानवी मिळाली. जाळी काही मिळेना.

मी लीड्सहून परत आले आणि माझ्या कामाला लागले. रिटायर झाल्यापासून आठवड्यात दोन सकाळी मी आमच्या भागातल्या सल्लाकेंद्रात बसते. कम्युनिटी हॉलच्या कोपऱ्यात टेबल, दोन खुर्च्या, आणि एक किटली. कुणाचं कौन्सिल टॅक्सचं कोडं असतं, कुणाचं पेन्शन अडकलेलं असतं. आमचं ट्रेनिंग होतं, नियम बदलले की पुन्हा होतं, आणि अडलं की फोनवर विचारायला मोठी माणसं असतात. एका सकाळी नंबराचं तिकीट घेऊन समोरच्या खुर्चीत ताई येऊन बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मला वाटलं चहाला आली असेल.

"माझ्या ओळखीतल्या एका बाईचा भाऊ आहे," ती म्हणाली. "त्याच्या भाड्याची मदत बंद झालीय."

"का?"

"तो इथे नाहीये. परदेशात गेलाय."

"किती दिवस झाले?"

"महिन्याच्या वर."

"मग बंद होणारच," मी म्हटलं. "महिनाभर चालतं. त्याच्या वर देशाबाहेर राहिलं की युनिव्हर्सल क्रेडिट बंद. काही वेळा सूट असते, पण ती बाई काय सांगतेय त्याच्यावर आहे."

ताईने पर्सची चेन उघडली, लावली. "आणि समज, तो परदेशात नसला. समज, तो तुरुंगात असला."

मी किटलीकडे बघत होते, पाणी उकळायला आलं होतं. तशीच म्हणाले, "मग उलट मिळतं. त्याच्या खाण्याजेवणाचा भाग बंद होतो, कारण ते तुरुंग बघतो. पण एकटा माणूस असेल, आत जायच्या आधी भाड्याची मदत चालू असेल, आणि सहा महिन्यांच्या आत सुटणार असेल, तर भाड्याचा भाग चालू ठेवतात. माणूस बाहेर आला की त्याला दार असावं म्हणून."

मी वळून बघितलं. ताईचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती म्हणाली, "तुरुंगवाल्याला मिळतं आणि पुण्याला गेलेल्याला मिळत नाही?"

"ताई," मी म्हटलं, "भाऊ कुठे आहे?"

"हळू बोल," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कोर्टात जाताना भाऊने फोन, किल्ल्या आणि पाकीट ताईकडे दिलं होतं. त्याचं युनिव्हर्सल क्रेडिटचं अकाउंट एरवीही तीच बघायची, कारण भाऊला पासवर्ड म्हटलं की घाम फुटतो. थोड्या दिवसांनी त्या अकाउंटवर विचारणा आली, अपॉइंटमेंटला का आला नाहीत. ताईने बसून, नीट इंग्रजीत, भाऊच्या नावाने उत्तर लिहिलं की मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भारतात आलो आहे, बरा झालो की परत येईन. मंडळाला एक आणि सरकारला एक असं तिला जमेना. लॅबमध्ये आयुष्य काढलेली बाई, खोटं बोलली तरी सगळीकडे एकच रिझल्ट देणार. घरमालक संस्थेतून फोन आला तर त्यांनाही गुडघाच सांगितला.

सरकारने मग नियमाप्रमाणे केलं. महिना उलटला तसं सगळं बंद. भाडं जाईना म्हणून संस्थेचं माणूस येऊन गेलं, पडदे ओढलेले, दार बंद. त्यांना वाटलं हा घर टाकून देशाबाहेर गेला. दारावर नोटीस लागली की आम्ही घर परत घेण्याच्या विचारात आहोत, तुम्ही कुठे आहात ते अमुक दिवसांत कळवा.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. मी तिला तिथेच झापायला सुरुवात केली, मग बाहेरच्या बाकावर लोक बसलेत हे लक्षात येऊन कुजबुजत झापलं. "अगं, तुला अक्कल आहे का? खरं बोलली असतीस तर एक पैसा बंद झाला नसता. सरकार कधी नव्हे ते तुरुंगातल्या माणसाचं घर सांभाळायला तयार आहे, आणि तू त्याला विमानात बसवून पाठवलंस."

"आमच्या घरात कुणी पोलीसचौकीची पायरी चढलेलं नाही," ताई म्हणाली.

"आता चढलाय. आणि तो उतरेल तेव्हा जाणार कुठे?"

ते तिलाही माहीत होतं. ताई स्वतः मुलाच्या घरात मागच्या छोट्या खोलीत राहते, तिथे नातवंडांच्या सायकली पण असतात. भाऊने बायको गेल्यावर घर विकलं, कर्ज फेडलं, आणि मग कितीतरी वर्षं भाड्याच्या खोल्यांमधून काढली. एका ठिकाणी तर बाथरूम पाच जणांत मिळून. यादीत नाव घालून, वाट बघून बघून त्याला हा एक खोली आणि किचनचा फ्लॅट मिळाला होता. तो एकदा गेला की गेला. एकटा, साठीचा, तुरुंगातून सुटलेला माणूस, त्याचा नंबर पुन्हा कधी लागणार. खिडकीत त्याने कढीपत्ता लावला होता, भिंतीवर बायकोचा फोटो होता, आणि पहिल्या दिवशी त्याने मला दार उघडून म्हटलं होतं, या, माझ्या घरी या. माझ्या घरी, असं दोनदा म्हणाला होता.

मी ताईला म्हटलं, "हे तू केलंयस, तूच निस्तरायचं. मी शेजारी बसेन. बोलणार तू."

आधी भाऊला सांगणं भाग होतं, अकाउंट त्याचं आणि संमती त्याचीच लागणार होती. तुरुंगाच्या भेटीची वेळ घेतली आणि मीच गाडी काढली. पार्किंगमध्ये उतरताना तिने ओढणी डोक्यावरून घेतली. म्हटलं, कोण बघणार आहे तुला इथे, सगळे आपल्यासारखेच आलेत. आत पर्स लॉकरमध्ये ठेवायची, रांगेत उभं राहायचं, अंगावरून तपासणी. कुत्रा येऊन हुंगून गेला तेव्हा ताई अशी ताठ उभी राहिली की जणू तिच्याच बॅगेत आंबे होते. समोर हॉलमध्ये चहाबिस्किटांचं काउंटर, पोरांसाठी खेळणी, आणि एका टेबलाशी भाऊ. बारीक झाला होता, पण तरतरीत.

"इथे मला मँगो म्हणतात," त्याने बसताक्षणी सांगितलं. "कशात आलास विचारलं, मी खरं ते सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. आता विंगवर सगळे ओळखतात."

मी त्याला गुडघ्याची हकिगत सांगितली. जाळी, जानवी, चष्म्याची फ्रेम, सगळं. तो इतका हसला की वॉर्डरने मान वर करून बघितलं. डोळे पुसत म्हणाला, "ऑपरेशन डाव्याचं की उजव्याचं?" ताईला राग आला. मग मी घराचं सांगितलं. भाडं बंद झालंय, दारावर नोटीस आहे.

त्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. हात टेबलावर ठेवले, पालथे. मला वाटलं आता ताईवर ओरडणार, पण त्याने तिला एवढंच विचारलं, "ताई, फोटो आहे ना भिंतीवर अजून?"

"आहे," ताई म्हणाली. "सगळं आहे."

"मग खरं सांग त्यांना. मला लाज नाही वाटत, तुला कशाला?"

ताई म्हणाली, "तू लहानपणापासूनच निर्लज्ज आहेस." पण परतताना गाडीत तिने ओढणी डोक्यावर घेतली नाही.

पुढची कामं मी मार्गी लावली. तुरुंगात सुटकेच्या आधी घरदार बघायला एक बाई असतात, त्यांच्याकडून भाऊची संमती आणि तारखा आल्या. ताईने स्वतः सरकारला लिहून कबूल केलं की ते उत्तर मी लिहिलं होतं, भाऊने नाही, आणि तो कधीही देशाबाहेर गेलेला नाही. हे लिहायला तिला एक अख्खी दुपार लागली. मग सरकारचा निर्णय येईपर्यंत थांबायचं. पण नोटीस थांबणार नव्हती, तिची मुदत संपत आली होती. म्हणून घरमालक संस्थेत जाऊन भेटायचं ठरलं.

काउंटरमागच्या खोलीत आम्हाला बोलावलं, आणि आत बसलेली मुलगी बघून ताई दारातच थबकली. ती अध्यक्षीणबाईंची नात होती. तीच, पुरणयंत्रवाल्या अध्यक्षीणबाईंची. ज्यांना सकाळी कळलेलं दुपारपर्यंत बर्मिंगहॅमला पोचतं, त्यांची. ताईने वळायला सुरुवात केली. मी तिच्या पर्सचा पट्टा धरला आणि सोडला नाही.

"मावशी, तुम्ही?" मुलगी खूश झाली. "बसा ना. आजी म्हणाला भाऊकाका पुण्याला आहे. त्याचा गुडघा कशी आहे आता?"

इथेच जन्मलेली पोर, मराठी बोलते हेच खूप. मी खुर्ची ओढून ताईला बसवलं. मुलीने कॉम्प्युटरकडे बघितलं, फ्लॅटचा पत्ता बघितला, आणि तिच्या लक्षात आलं. आवाज लगेच कामाचा झाला. म्हणाली, हे बघा, मी इथे जे ऐकते ते इथेच राहतं, घरी नाही जात, तो माझा नोकरीचा प्रश्न आहे. हवं तर दुसऱ्या ऑफिसरला बोलावते.

ताई काही बोलेना. मी पण बोलले नाही. तोंडात आलं होतं, पण दाबून धरलं. वाटलं ही आता उठते आणि जाते, आणि घर गेलं.

"माय ब्रदर इज इन प्रिझन," ताई म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, मराठीत तिची जीभ वळेना.

"ओके," मुलगी म्हणाली. "कधीपासून?"

ताईने सांगितलं.

"सुटणार कधी?"

ताईने तेही सांगितलं.

"म्हणजे त्याने फ्लॅट सोडला नाहीये. तो परत येणार आहे, बरोबर?"

"येणार आहे," ताई म्हणाली. या वेळी मराठीत, आणि जोरात.

"मग तसं लिहिते. नोटीस मी थांबवते. युनिव्हर्सल क्रेडिटचं उत्तर आलं की मला कळवा." ती टाइप करत राहिली. मग वर बघून म्हणाली, "झालं."

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच. आमच्याकडे असे खूप केसेस येतात, मावशी."

बाहेर आल्यावर ताई चक्क चिडली होती. म्हणजे एवढे दिवस रात्रीची झोप नाही, लेस्टरच्या फेऱ्या, आणि त्या पोरीने दोन मिनिटांत टाइप करून टाकलं, साधं अरेरे पण नाही म्हणाली. मी म्हटलं, अरेरे हवं असेल तर मंडळात मिळेल. ती माझ्यावरच फणकारली. पण बसस्टॉपवर पोचेपर्यंत मला दिसत होतं की तिची चाल बदललीय. मला तर इतकं हलकं वाटत होतं की मी तिला केक खाऊ घातला.

मंडळात सांगायची गरज नव्हती, ते तिने आपणहून केलं. श्रावणातल्या मंगळागौरीला हॉलमध्ये आम्ही बायका जमलो होतो. खेळ झाले, सगळ्या घामाघूम, ताटं वाढायची होती. अध्यक्षीणबाईंनी ताईला हाक मारून विचारलं, "काय गं, माझी जाळी घेतली का त्याने?"

मी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. त्यांच्या नातीने घरात शब्द काढला नव्हता. ताईनेही ते बघितलं, आणि मला वाटतं तिला त्यातूनच बळ आलं. ती म्हणाली, "जाळी मिळणार नाही. भाऊ पुण्याला गेलेला नाही. आंबे आणताना पकडला, तो आत आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

हॉलमध्ये वाढप थांबलं. अध्यक्षीणबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. मी मनात म्हटलं, आता ही बातमी गेली बर्मिंगहॅमपर्यंत.

"आपल्या आंब्यांपायी?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या पेटीचा खालचा थर बघायला गेला होता," ताई म्हणाली.

मग एक बाई म्हणाली, आत जेवायला काय देतात हो? दुसरी म्हणाली, भाकरी तर नसेलच. तिसरीने विचारलं, भेटायला किती जणांना सोडतात. आणि बघता बघता सगळा विषय भाऊच्या पोटावर गेला. एकीला वाटत होतं डब्यातून पुरणपोळी देता येईल, तिला समजावताना माझा घसा बसला. दुसऱ्या दिवसापासून भेटीला कोण जाणार यावरून भांडणं. ताईने लेस्टरहून आणलेल्या फुलवाती आणि जानवी वाटून टाकली. मेतकुटाचं कुणी नाव काढलं नाही, मीही नाही.

सरकारचं उत्तर यायला वेळ लागला. त्या काळात ताई रोज मला फोन करायची, आलं का. मी रोज म्हणायचे, नाही आलं. ती शांतपणे ठेवून द्यायची, आणि तिचं ते शांत राहणं मला जास्त छळायचं. कारण नाही आलं असतं तर मीच तिला खरं बोलायला लावलं होतं ना. मग एका दुपारी त्या मुलीचाच फोन आला. भाड्याचा भाग बंद झाला होता तिथपासून पुन्हा धरलाय, संस्थेकडे जमा झालाय, नोटीस रद्द. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवून, नंतर तिच्या सुनेने मला सांगितलं, दोन तास किचनची कपाटं पुसत बसली.

भाऊ सप्टेंबरात सुटला. आम्ही दोघी घ्यायला गेलो. हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, त्यात कपडे. गाडीत बसल्यावर त्याने माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली, म्हणून मी रस्ताभर मुद्दाम हळू चालवली.

फ्लॅटची किल्ली ताईने त्याच्या हातात दिली. दार उघडून तो आत गेला, बूट काढले, नीट जागेवर ठेवले. बंद घराचा वास येत होता. ताईने खिडक्या उघडायला घेतल्या आणि बडबड सुरू केली, धूळ बघ, फ्रीज बघ, दूध आणलंय ते घे. भाऊ बायकोच्या फोटोपाशी उभा राहिला, नळ सोडून बघितला, पलंगावर बसून बघितलं, पुन्हा उठला. मी चहा टाकला.

तिघं किचनमध्येच बसलो. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, सुटायच्या आधी ती बाई येते ना, ती सगळ्यांना एकच विचारते. बाहेर गेल्यावर कुठे राहणार. आम्ही पाच-सहा जण होतो रांगेत. एक म्हणाला मित्राचा सोफा आहे. एक म्हणाला गाडीत झोपेन. माझ्या पुढचा होता, माझ्याएवढाच, त्याला काही सांगताच येईना. नुसताच उभा राहिला. तिने त्याला बाजूला बसायला सांगितलं."

ताईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"मग माझा नंबर आला. मी पत्ता सांगितला."

"पूर्ण?" ताईने विचारलं.

"फ्लॅट नंबर, रस्ता, पोस्टकोड. तिच्याकडे लिहिलेला होता, ती म्हणाली आहे माझ्याकडे. तरी मी सगळा सांगितला."

ताई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. हा पत्ता तिने त्याच्या किती पाकिटांवर, किती अर्जांवर लिहिला होता, तिला झोपेतही पाठ होता. थोड्या वेळाने ती वळली, डोळे ओढणीने पुसले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला पण सांग."

भाऊने कप खाली ठेवला, आणि तिला सावकाश, पोस्टकोडसकट, आपल्या घराचा पत्ता सांगितला.